स्क्रीनवरचं चित्र आणि फाइलमधलं चित्र

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला एक शोध लागला होता. तो तीन दिवस टिकला.

मी नॅनोकणांवर काम करते. टीईएम, म्हणजे पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, यातून येणारी आमची प्रत्येक प्रतिमा ४०९६ × ४०९६ पिक्सेलची असते. एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर पिक्सेल. लॅपटॉपच्या पडद्यावर ती अख्खी मावत नाही. अशा काही शे प्रतिमा चाळायच्या होत्या, म्हणून मी पायथनमध्ये टीकेइंटर वापरून एक छोटासा प्रोग्राम लिहिला. फोल्डर उघडायचं, एकेक प्रतिमा खिडकीत दाखवायची, कणावर क्लिक केलं की त्याची जागा नोंदवायची, एवढंच त्याचं काम. खिडकीत मावावी म्हणून प्रतिमा एक पंचमांश करून दाखवायची, म्हणजे साधारण ८२० पिक्सेल.

एका कणावर मला ठळक, समांतर पट्टे दिसले. मोजले तर दोन पट्ट्यांमधलं अंतर १.५ नॅनोमीटर. या पदार्थात अणूंच्या थरांमधलं अंतर ०.३ नॅनोमीटर असतं हे मला माहीत होतं. बरोब्बर पाचपट! म्हणजे दर पाच थरांनी काहीतरी रचना पुन्हा येतेय, सुपरलॅटिस असणार, असं मी धरून चालले. वहीत तारीख घालून लिहिलं, दोन रात्री पेपर शोधले आणि तिसऱ्या दिवशी सरांना लॅपटॉप नेऊन दाखवला. सरांनी एकच प्रश्न विचारला, "शंभर टक्क्यांवर बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. बघितलं तेव्हा १.५ नॅनोमीटरचे पट्टे कुठेच नव्हते. होत्या त्या ०.३ नॅनोमीटरच्या नेहमीच्या बारीक रेघा. पट्टे नमुन्यात नव्हते, फाइलमध्येही नव्हते. ते माझ्या प्रोग्रामने तयार केले होते.

कसे, ते कागदावर करून बघता येतं. माझ्या प्रतिमेत एक पिक्सेल म्हणजे ०.०५ नॅनोमीटर. म्हणजे दर सहा पिक्सेलला एक रेघ. माझा प्रोग्राम दर पाचवा पिक्सेल उचलत होता आणि मधले चार टाकून देत होता. आता ०, ५, १०, १५, २०, २५, ३० हे पिक्सेल घ्या आणि प्रत्येकाला सहाने भागा. बाकी उरते ०, ५, ४, ३, २, १, ०. म्हणजे उचललेला प्रत्येक पिक्सेल रेघेच्या आवर्तनात आधीच्यापेक्षा एक घर मागे पडतो, आणि आवर्तन पुरं व्हायला मूळचे तीस पिक्सेल लागतात. तीस गुणिले ०.०५ बरोबर १.५. माझा सगळा शोध या एका गुणाकारात होता. सिनेमात धावत्या गाडीची चाकं कधीकधी उलटी, हळूहळू फिरताना दिसतात ना, तोच हा प्रकार. याला एलियसिंग म्हणतात, आणि एमएससीला सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरात मी त्यावर चांगले मार्क मिळवले होते.

तेव्हा लाज वाटली. नंतर मात्र एक प्रश्न पडला: एवढी साधी गोष्ट प्रोग्राम स्वतःहून का करत नाही? चित्र लहान करताना मधले पिक्सेल सरळ फेकून द्यायचे, हे कुणी ठरवलं? त्याचा माग काढत गेले तेव्हा कळलं की असं कुणी एकाने ठरवलेलं नाही. वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या अडचणींवर लोकांनी तोडगे काढले, आणि ते तोडगे आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जसेच्या तसे बसून आहेत. तुम्ही संशोधनात येणार असाल आणि तुमच्या विषयात प्रतिमा असतील (हल्ली कुठल्या विषयात नसतात?) तर ही गोष्ट आधीच माहीत असलेली बरी.

सुरुवात १९५७ सालापासून करू. वॉशिंग्टनमधल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाला जोडलेला एक स्कॅनर बनवला. त्यातून पहिल्यांदा जे फोटो संगणकात गेले त्यातला प्रसिद्ध फोटो म्हणजे कर्श यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा. फोटो पाच सेंटीमीटर बाय पाच सेंटीमीटरचा, आणि संगणकात तो झाला १७६ × १७६ पिक्सेल. त्यापेक्षा जास्त मावण्यासारखी त्या संगणकाची स्मृतीच नव्हती. स्कॅनर एका वेळी फक्त काळं किंवा पांढरं एवढंच ओळखायचा, म्हणून वेगवेगळ्या उंबरठ्यांवर तोच फोटो पुन्हा पुन्हा वाचून त्यातून करड्या छटा जमवल्या.

फोटोवर चौकोनी जाळी टाकायची आणि प्रत्येक घरासाठी एकच आकडा ठेवायचा, ही पद्धत इथे आली. कर्श यांना आयुष्याच्या उत्तरार्धात या चौकोनांबद्दल खंत वाटायची. ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी वेगवेगळ्या आकारांचे तुकडे वापरून चित्र जास्त गुळगुळीत कसं दाखवता येईल यावर पुन्हा काम केलं. मला हे वाचून गंमत वाटली. आपण ज्याला निसर्गनियम समजतो ती एका माणसाची सोय होती, आणि त्याला स्वतःला ती फारशी आवडत नव्हती!

पण इथे लहानमोठं करण्याचा प्रश्न अजून आलेला नाही. तो यायला खिडक्या असलेला संगणक यावा लागला.

१९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा उभा, कागदाच्या पानासारखा: ६०६ × ८०८ पिक्सेल. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी स्मृतीत एक बिट राखून ठेवलेला. हिशेब करा, ६०६ गुणिले ८०८ भागिले ८, म्हणजे सुमारे ६१ हजार बाइट. यंत्राची एकूण स्मृती १२८ किलोबाइट. म्हणजे जवळजवळ निम्मी स्मृती नुसता पडदा दाखवण्यात जायची. अशा घरात चित्रावर आकडेमोड करायला जागा कुठून आणायची? डॅन इंगल्स यांनी १९७५ मध्ये बिटब्लिट नावाची क्रिया लिहिली. स्मृतीतला एक आयत उचलायचा आणि दुसरीकडे ठेवायचा. खिडकी हलवणं, मजकूर सरकवणं, मेन्यू उघडणं, सगळं या एका क्रियेवर चाललं. पण तिच्यात उचललेला तुकडा होता तेवढाच राहायचा. एक पिक्सेल घेतला तर एकच ठेवला.

ॲपलच्या मॅकिंटॉशने १९८४ मध्ये हा विचार घराघरांत नेला. ५१२ × ३४२ चा काळापांढरा पडदा, आणि एका इंचात ७२ पिक्सेल. हा ७२ आकडा छापखान्यातून आलेला, कारण छपाईतला एक पॉइंट म्हणजे जवळजवळ इंचाचा बहात्तरावा भाग. पडद्यावर दिसेल तेवढंच कागदावर यावं, म्हणून एक पिक्सेल म्हणजे एक पॉइंट. इथवर हिशेब सुंदर जमला होता.

पुढच्याच वर्षी लेझररायटर हा प्रिंटर आला, एका इंचात ३०० ठिपके छापणारा. ३०० भागिले ७२ किती? ४.१६६... आणि इथे सगळं फिस्कटलं. पडद्यावरचा एक पिक्सेल कागदावर सव्वाचार ठिपक्यांपेक्षाही थोडा कमी भरतो, पण ठिपका तर अर्धा छापता येत नाही. मग काही पिक्सेल चार ठिपक्यांचे होतात, काही पाचांचे. चित्रात समान अंतरावर काढलेल्या रेघा किंवा छटांची जाळी असेल तर कागदावर ती ओबडधोबड दिसायची, मध्येच नसलेले पट्टे उमटायचे. (माझे मोठे भाऊच ते.) ॲपलने यावर काय केलं? छपाईच्या सेटिंगमध्ये एक पर्याय दिला: चित्र चार टक्क्यांनी लहान छापा. ३०० चे ९६ टक्के म्हणजे २८८, आणि २८८ म्हणजे बरोबर ७२ च्या चौपट. प्रत्येक पिक्सेलला चारच ठिपके. चित्र थोडं लहान येतं, पण खोटं येत नाही.

मला हा तोडगा फार आवडतो. गुणोत्तर गैरसोयीचं आहे हे त्याने लपवलं नाही. वापरणाऱ्याला सरळ सांगितलं की नेमकं हवं असेल तर आकार थोडा सोडा. आजच्या प्रोग्राममध्ये इतका प्रामाणिक चेकबॉक्स मला तरी दिसलेला नाही.

विंडोजमध्ये हेच काम स्ट्रेचब्लिट नावाच्या क्रियेकडे आलं. नावच बघा, बिटब्लिटला ताण दिला की स्ट्रेचब्लिट. चित्र लहान करताना ज्या ओळी वगळायच्या त्यांचं काय करायचं याचे पर्याय तिच्यात आहेत. एकात काळे पिक्सेल राखले जातात, दुसऱ्यात पांढरे, तिसऱ्यात त्या ओळी नुसत्याच गाळल्या जातात. चौथा, सरासरी काढणारा पर्यायही आहे. पण तुम्ही काहीच सांगितलं नाही तर पहिला लागू होतो, काळं राखणारा. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं आणि काळ्या रेघा असतील तर हे अगदी शहाणपणाचं आहे, बारीक रेघ हरवत नाही. फोटोला तेच लावलं तर फोटो काळवंडतो आणि विचित्र रंगांचा होतो. म्हणजे डिफॉल्ट पर्याय चुकीचा नव्हता, तो दुसऱ्या प्रकारच्या चित्रासाठी होता. डिफॉल्टची गोष्ट बहुतेक वेळा अशीच असते.

आतापर्यंतची मंडळी चित्र दाखवणारी होती. त्यांना वेग हवा होता, कारण खिडकी ओढताना पडदा अडखळला तर माणूस वैतागतो. त्याच काळात दुसरीकडे काही लोकांना चित्रातून मोजायचं होतं. पिक्सेल हलवणं ही त्यांच्यासाठी गंभीर बाब होती. हे लोक उपग्रहांच्या प्रतिमांवर काम करत होते.

२३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने पृथ्वीच्या निरीक्षणासाठी एक उपग्रह सोडला. पुढे त्याचं नाव लँडसॅट-१ झालं. त्याच्या मल्टिस्पेक्ट्रल स्कॅनरचा पिक्सेल चौरस नव्हताच. एका दिशेने साधारण ५७ मीटर, दुसऱ्या दिशेने ७९. तो जसाच्या तसा चौरस पिक्सेलच्या पडद्यावर मांडला तर शेतं, रस्ते, नद्या सगळं एका दिशेने ताणलेलं दिसणार. शिवाय उपग्रह खाली सरकत असताना पृथ्वी स्वतः फिरत असते, त्यामुळे प्रतिमा तिरकी होते. ती नकाशावर बसवायची तर नव्या जाळीतला प्रत्येक बिंदू जुन्या जाळीत कुठेतरी दोन पिक्सेलच्या मध्ये पडतो. तिथे मोजमाप झालेलंच नाही. मग तिथला आकडा काय धरायचा?

सगळ्यात सोपं म्हणजे जवळच्या पिक्सेलचा आकडा उचलायचा. त्याहून बरं म्हणजे भोवतालच्या चार पिक्सेलची अंतरानुसार सरासरी, म्हणजे बायलिनियर. त्या काळात टीआरडब्ल्यू आणि आयबीएममधल्या लोकांनी आणखी पुढे जाऊन सोळा पिक्सेल घेणारी क्युबिक पद्धत वापरली. तिच्यात शेजाऱ्यांना वजनं देताना थोडी दूरच्यांना ऋण वजन असतं. त्यामुळे कडा धूसर न होता उठून दिसतात. १९८१ मध्ये रॉबर्ट कीज यांनी या पद्धतीचं गणित नीट मांडलं. सूत्रात एक मोकळा स्थिरांक होता आणि लोक तो आपापल्या अंदाजाने घेत होते. कीज यांनी दाखवलं की तो उणे अर्धा घेतला तर मोजमापांमधलं अंतर निम्मं केल्यावर चूक साधारण आठपटीने घटते. बायलिनियरमध्ये ती चारपटीने घटते. आज कुठल्याही प्रोग्राममध्ये 'बायक्युबिक' असं लिहिलेलं दिसलं की त्याच्यामागे हे काम आहे. स्थिरांक मात्र सगळे उणे अर्धाच घेतात असं नाही. म्हणूनच दोन सॉफ्टवेअरमध्ये 'बायक्युबिक' लावून आलेली चित्रं आकड्याआकड्याने जुळत नाहीत. याच्यावर माझा एक आख्खा आठवडा गेलाय, तुमचा जाऊ नये.

यातली एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण मुलाखतीत विचारतात. ही सगळी अंतर्वेशनाची, म्हणजे इंटरपोलेशनची सूत्रं आहेत. मोजलेल्या दोन बिंदूंच्या मधली किंमत अंदाजाने भरणं हे त्यांचं काम. चित्र मोठं करताना नेमकं हेच लागतं. चित्र लहान करताना अडचण उलटी असते, बिंदू कमी नसतात, जास्त असतात. तिथे आधी बारीक तपशील काढून टाकावा लागतो. नव्या जाळीला जेवढं पेलतं त्याहून बारीक काही आत राहिलं तर ते माझ्या पट्ट्यांसारखं वेषांतर करून बाहेर येतं. शॅनन यांनी १९४९ च्या लेखात मांडलेला सॅम्पलिंगचा नियम हाच: एका आवर्तनात किमान दोनापेक्षा जास्त नमुने हवेत. माझ्या ०.३ नॅनोमीटरच्या रेघांना दर ०.१५ नॅनोमीटरच्या आत एक नमुना हवा होता. मी घेत होते ०.२५ वर एक.

आता सूत्र कितीही चांगलं असलं तरी चित्र शेवटी माणूस बघतो. १९८८ मध्ये बेल लॅब्जमधल्या डॉन मिचेल आणि अरुण नेत्रावली यांनी हा मुद्दा धरला. नेत्रावली हे आपल्या पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी, पुढे बेल लॅब्जचे अध्यक्ष झाले, पद्मभूषणही मिळालं. या दोघांनी क्युबिक सूत्रांचं एक पूर्ण कुटुंबच दोन स्थिरांकांत मांडलं, बी आणि सी. मग वेगवेगळ्या किमती घेऊन चित्रं तयार केली आणि जाणकार लोकांना दाखवून विचारलं: हे धूसर आहे, कडांभोवती वलयं उठलीत, दिशेनुसार बदलणारे दोष दिसतात, की ठीक आहे? या उत्तरांवरून बी आणि सीच्या प्रतलाचा नकाशाच तयार झाला. त्यांनी सुचवलेली जोडी होती एक तृतीयांश आणि एक तृतीयांश. इमेजमॅजिकसारख्या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये 'मिचेल' नावाचा फिल्टर दिसतो तो हाच.

हा पेपर जरूर वाचा. गणित बारावीच्या पुढचं फारसं नाही, आणि 'चांगलं' या शब्दाचा अर्थ प्रयोगाने कसा ठरवायचा ते त्यात दिसतं. पण एक लक्षात ठेवा. तिथे 'ठीक' म्हणजे बघणाऱ्याला ठीक. मोजणाऱ्याला ठीक असेलच असं नाही. ऋण वजनांमुळे कडेच्या शेजारी मूळ प्रतिमेत नसलेले जास्त उजळ किंवा जास्त काळे आकडे येऊ शकतात. म्हणूनच उपग्रह प्रतिमांचं वर्गीकरण करणाऱ्यांना अजूनही जवळचा पिक्सेल उचलण्याचा सल्ला दिला जातो. दिसायला वाईट, पण प्रत्येक आकडा खरोखर मोजलेला. ज्या पद्धतीने मला फसवलं तीच पद्धत भूगोलाच्या मैत्रिणीसाठी योग्य असू शकते. क्यूजीआयएसमध्ये रास्टर थर उघडलात तर झूम इन आणि झूम आउटसाठी वेगवेगळी निवड करायची सोय आहे, आणि सुरुवातीला तिथे जवळचा पिक्सेल हीच निवड असते.

म्हणजे ऐंशीचं दशक संपता संपता उत्तरं माहीत होती. तरी माझ्या प्रोग्रामने दर पाचवा पिक्सेल का उचलला?

टीकेइंटरच्या पोटात टीके नावाचं जुनं साधन आहे. जॉन औस्टरहाउट यांनी बर्कलीत ते बनवलं. त्यातली रंगीत फोटो दाखवण्याची सोय ऑस्ट्रेलियातले पॉल मॅकेरास यांनी नव्वदच्या दशकात लिहिली. तेव्हा अनेक पडद्यांवर एका वेळी २५६च रंग दिसायचे, त्यामुळे आहेत त्या रंगांत फोटो कसा भागवायचा हीच मोठी डोकेदुखी होती, आणि त्यासाठी त्यात चांगली सोय केलेली आहे. आकार बदलायला मात्र दोनच क्रिया: झूम आणि सबसॅम्पल. दोन्ही फक्त पूर्णांक घेतात. झूम तीन म्हणजे प्रत्येक पिक्सेल तीनदा लिही. सबसॅम्पल पाच म्हणजे दर पाचवा पिक्सेल घे. दीडपट हवं असेल तर आधी तिप्पट करा, मग निम्मं करा. सरासरीचं नावच नाही. क्रियेचं नाव मात्र अगदी स्वच्छ आहे, सबसॅम्पल. तिने काहीच लपवलं नव्हतं. मीच ते 'लहान कर' असं वाचलं. (टीकेइंटरमध्ये प्रतिमा चलात धरून ठेवली नाही तर ती खिडकीतून गायबच होते, हा अजून एक जुना घोळ. तो मात्र लगेच दिसतो, म्हणून कमी धोक्याचा.)

मग सगळे सांगतात तसं मीही पिलो वापरायला लागले. पायथनची ही प्रतिमांची लायब्ररी मूळची १९९५ ची, फ्रेडरिक लुंड यांनी पीआयएल या नावाने सुरू केलेली. तिच्यात बायलिनियर, बायक्युबिक सगळं होतं. पण गोम अशी की चित्र कितीही लहान करा, बायलिनियर चारच पिक्सेल बघायचं आणि बायक्युबिक सोळाच. पाचपट लहान करताना एका नव्या पिक्सेलच्या वाट्याला मूळचे पंचवीस येतात, त्यातले बरेच कुणी बघतच नव्हतं. २०१५ च्या सुरुवातीला आलेल्या पिलोच्या २.७ आवृत्तीत हे सुधारलं. आता चित्र जितकं लहान कराल तितकी फिल्टरची खिडकी रुंद होते. आणि काहीच न सांगता रीसाइझ म्हटलं तर जवळचा पिक्सेल उचलायचा, हा डिफॉल्ट २०२० च्या ७.० आवृत्तीपर्यंत चालू होता. म्हणजे त्याआधी लिहिलेल्या प्रबंधात नुसतं 'प्रतिमा पिलोने लहान केल्या' असं असेल तर नेमकं काय झालं ते त्या वाक्यावरून कळत नाही.

हे फक्त दिसण्यापुरतं नाही. यंत्रशिक्षणात कृत्रिम प्रतिमा किती खऱ्या वाटतात हे मोजायला एफआयडी नावाचा आकडा वापरतात. तो काढण्याआधी प्रत्येक प्रतिमा २९९ × २९९ ची करून घेतात. २०२२ च्या सीव्हीपीआर परिषदेत गौरव परमार, रिचर्ड झांग आणि जुन-यान झू यांनी दाखवलं की ही एक पायरी कुठल्या लायब्ररीने केली यावर तो आकडा बदलतो. पिलो बारीक तपशील आधी काढून टाकत होती, तर ओपनसीव्ही, टेन्सरफ्लो आणि पायटॉर्चच्या प्रचलित रीती तसं करत नव्हत्या, नाव मात्र सगळीकडे बायलिनियर किंवा बायक्युबिक. दोन गटांच्या निकालांत जो फरक दिसतो त्यातला काही भाग मॉडेलचा नसून चित्र लहान करण्याचा असू शकतो. त्याच्याही आधी, २०१९ मध्ये, चिनी आणि अमेरिकी संशोधकांच्या एका गटाने याच कच्च्या दुव्याचा गैरवापर कसा होईल ते दाखवलं होतं. पडद्यावर मेंढ्यांचा कळप, आणि तीच फाइल प्रोग्रामने लहान केली की लांडगा! कोणते पिक्सेल उचलले जाणार हे आधीच माहीत असेल तर तेवढ्याच पिक्सेलमध्ये दुसरं चित्र लपवता येतं.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, आम्ही शंभर टक्क्यांवर बघू. त्यातही एक मेख आहे. २०१२ मध्ये २८८० × १८०० पिक्सेलचा रेटिना पडदा असलेला मॅकबुक प्रो आला आणि बारीक पिक्सेलचे पडदे लॅपटॉपवर रुळले. अशा पडद्यावर जुन्या मापाने अक्षरं काढली तर ती मुंगीएवढी दिसतात, म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम सगळंच मोठं करून दाखवते. विंडोजच्या लॅपटॉपवर हे प्रमाण सहसा १२५ किंवा १५० टक्के असतं. प्रोग्रामने 'मला बारीक पडदा कळतो' असं सांगितलेलं नसेल तर विंडोज त्याची खिडकी जशी आहे तशी तयार करून घेते आणि मग फोटोसारखी ताणते. टीकेइंटरची खिडकी धूसर का दिसते हा प्रश्न पडला असेल तर त्याचं कारण बहुतेक हेच. म्हणजे तुमचा प्रोग्राम शंभर टक्के म्हणतोय, आणि डोळ्यांपर्यंत पोचतं ते सव्वापट. लेझरप्रिंटरचा ४.१६६ चा प्रश्न आता लॅपटॉपच्या पडद्यावर येऊन बसलाय.

वेन रॅसबँड यांनी अमेरिकेच्या एनआयएचमध्ये १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी एनआयएच इमेज लिहायला घेतलं आणि १९९७ मध्ये त्याचा जावामधला अवतार, इमेजजे, सुरू केला. आपल्यापैकी निम्म्या लोकांचे प्रबंध त्याच्यावर उभे आहेत. त्यात झूम आणि स्केल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झूम केलं की फक्त दिसणं बदलतं, आतले आकडे जागचे हलत नाहीत, आणि तुम्ही कुठल्याही झूमवर मोजलं तरी उत्तर मूळ पिक्सेलमध्येच येतं. स्केल केलं की आकडेच नवे होतात. झूमचं प्रमाण खिडकीच्या शीर्षकात कंसात दिसतं. मी वर्षभर ते कंसातलं ३३.३% बघत होते आणि एकदाही वाचलं नव्हतं.

माझा प्रोग्राम अजून वापरात आहे. आता तो लान्कझोश फिल्टरने प्रतिमा लहान करतो. दर पाच पिक्सेलची साधी सरासरी पुरेल असं आधी वाटलं होतं. पण हिशेब केला तर सहा पिक्सेलच्या रेघेवर पाच पिक्सेलची सरासरी घेतल्यावरही मूळच्या ठळकपणाच्या २० टक्के उरतात, आणि ते त्याच १.५ नॅनोमीटरवर जाऊन बसतात. म्हणजे फिके पट्टे तरीही दिसले असते, आणि मी कदाचित त्यांना 'सूक्ष्म परिणाम' म्हटलं असतं.

तुमच्या सॉफ्टवेअरची परीक्षा पाच मिनिटांत होते. एक प्रतिमा तयार करा: एक पिक्सेल रुंद काळी उभी रेघ, तिच्या शेजारी एक पिक्सेल पांढरी, असं शेवटपर्यंत. ती ५० टक्क्यांवर बघा. पूर्ण काळी किंवा पूर्ण पांढरी दिसली तर पिक्सेल फेकले जातायत. एकसारखी करडी दिसली तर सरासरी निघतेय. मग ४५ टक्क्यांवर बघा, आणि काय काय पट्टे उगवतात ते मोजा. करडा आकडा १२८ आला तर आकड्यांची सरळ सरासरी झाली. १८८ च्या आसपास आला तर प्रोग्रामने आधी प्रकाशाच्या हिशेबात रूपांतर केलं. मोबाइलच्या फोटोसाठी १८८ बरोबर. माझ्या कॅमेऱ्यातले आकडे इलेक्ट्रॉनच्या मोजणीच्या सरळ प्रमाणात असतात, त्यामुळे मला १२८च हवेत.